बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर उपचार सुरू व्हायला किती दिवस? कुठवर थांबायचं?

सांजवेळ
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या मोठ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट हातात पडून आज १९ दिवस झाले आणि उपचार म्हणावं असं अजून काहीच सुरू नाही. आधी सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईची बायोप्सी, मग पेट स्कॅन. आता "एक रिपोर्ट यायचाय, तो आला की ठरवू" एवढंच उत्तर मिळतं. डॉक्टर शांत आहेत. दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही म्हणाले. पण ताई रोज रात्री गाठ चाचपून बघते आणि मला विचारते, "वाढलीय का गं?" मीही हात लावून बघते. मला काय कळणार? मी नाही म्हणते आणि दिवा घालवते.

तुमच्या घरात निदानापासून उपचारांपर्यंत किती दिवस गेले? किती दिवस थांबणं ठीक असतं आणि मागे कधी लागायचं? खरं तेच सांगा, धीर द्यायला म्हणून काही लिहू नका.

टाचणी
बाबांना फुप्फुसाचा होता. ४१ दिवस. त्यातले दोन आठवडे जनुकांच्या तपासणीत गेले. तेव्हा मी फार चिडले होते. पण त्या तपासणीत जो बदल सापडला त्यामुळे बाबांना केमोऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात ते जिना चढायला लागले. रिपोर्टची वाट न बघता केमो सुरू केली असती तर ही गोळी आधी मिळाली नसती.

रानपाखरू
सांजवेळ, मी इंग्लंडमध्ये राहते, तिथलं सांगते. तिथे तीन घड्याळं चालतात. तुमच्या डॉक्टरने संशयावरून तातडीची चिठ्ठी दिली की २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही हे सांगायचं. उपचार कोणते हे ठरलं की तिथून ३१ दिवसांत सुरू करायचे. आणि पहिल्या चिठ्ठीपासून उपचारांपर्यंत एकूण ६२ दिवस. ६२ दिवसांचा नियम १०० पैकी ८५ जणांच्या बाबतीत पाळला जावा अशी अपेक्षा आहे, आणि २०१५च्या डिसेंबरनंतर ते जमलेलं नाही. म्हणजे नियम आहे म्हणून माणसं थांबत नाहीत असं नाही. पण घड्याळ कधी सुरू झालं हे प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे फोन करून "माझा कितवा दिवस?" असं विचारता येतं. मी विचारलं होतं. माझा ४७वा होता.

टाचणी
रानपाखरू, आता कशी आहे तब्येत?

रानपाखरू
पाच वर्षं झाली गं. ठणठणीत आहे.

मध्यरात्र
इथे सगळे थांबण्याची बाजू घेतायत, म्हणून मला लिहावंच लागतंय.

माझ्या भावोजींना जठराचा कॅन्सर होता. निदानानंतर ५२ दिवस काहीही झालं नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधणारही नाही. आम्हाला वाटत होतं की मोठे डॉक्टर एकत्र बसून आमच्या केसवर विचार करतायत. प्रत्यक्षात पहिला सर्जन रजेवर गेला, फाइल त्याच्या नावाने पडून राहिली आणि दुसऱ्याकडे ती कोणी दिलीच नाही. आम्ही गेलो की बाहेरच्या टेबलावरून "कळवू" एवढंच सांगायचे. शेवटी नंबर लागला तेव्हा सर्जन म्हणाले, हा स्कॅन आता जुना झाला, पुन्हा काढा. नव्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. पहिल्या स्कॅनमध्ये ते नव्हते. ते त्या ५२ दिवसांतच आले की आधीपासून बारीक होते आणि दिसत नव्हते, हे मला कोणीही सांगू शकलं नाही आणि मरेपर्यंत ते मला सलत राहणार.

भला माणूस डॉक्टरवर विश्वास ठेवून गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यालाच होकार समजतात. सांजवेळ, गप्प बसू नका.

काठावरचा
मध्यरात्र, वाचून घशाशी आलं. काय बोलू.

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो, तुमचं खोडायला नाही. मला जिभेच्या मुळाशी होता. रेडिएशन आणि केमो बरोबरच द्यायचं ठरलं. ठरल्यापासून पहिल्या दिवसापर्यंत साडेतीन आठवडे गेले आणि मला वाटायचं हे लोक वेळ काढतायत. मग एकदा तिथल्या सिस्टरने खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं. तुमचे तीन दात किडलेले आहेत. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. म्हणून दात आत्ता काढायचे आणि हिरड्या भरायला दोनेक आठवडे द्यायचे. तेवढ्यात मास्क होतो.

मास्क म्हणजे प्लॅस्टिकची जाळी. गरम पाण्यातून काढून ओली, मऊ असतानाच चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि ती तिथेच कडक होते. मग तोच मास्क घालून सीटी स्कॅन, आणि त्या स्कॅनच्या एकेका चकतीवर डॉक्टर कुठे किरण द्यायचे आणि कुठे नाहीत ते आखतात. लाळेच्या ग्रंथी वाचवायच्या, मणक्यातली दोरी वाचवायची. नंतर फिजिसिस्ट हिशेब करतो, यंत्रावर तपासून बघतो. हे सगळं माझ्यासाठीच चाललं होतं, फक्त मला दिसत नव्हतं. सिस्टरने ती दहा मिनिटं दिली आणि त्या रात्री मी झोपलो.

३५ सिटिंग झाली. मास्क घरी आणला. नातू तो तोंडावर धरून घरभर "आजोबा, मी रोबो" करत फिरतो.

पाखरांची शाळा
काका, मास्क जपून ठेवा, नातू मोठा झाला की त्याला गोष्ट सांगायला होईल :)

लॅबवाली
सांजवेळ, "एक रिपोर्ट यायचाय" म्हणजे नेमका कोणता? आयएचसी झालं का? हर-टूपुढे काय लिहिलंय? मी पॅथॉलॉजीत काम करते म्हणून विचारतेय.

सांजवेळ
आत्ता कागद काढून बघितला. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू पुढे "२+" आणि खाली "फिश करावे" असं लिहिलंय.

लॅबवाली
हां. मग समजलं. नीट सांगते, जरा लांबेल.

सुईने काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये राहतो. स्तनाच्या तुकड्याला निदान ६ तास आणि फार तर ७२ तास, असा दंडक आहे. कमी झाला तर पेशी नीट टिकत नाहीत, जास्त झाला तर पुढच्या तपासण्यांवर भरवसा राहत नाही. मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात. तो मेणाचा छोटा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यातून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात. कॅन्सर आहे हे त्यावरून कळतं. पण कोणत्या जातीचा, हे कळायला पुढचे रंग द्यावे लागतात, त्याला आयएचसी म्हणतात.

कागदावरचे ईआर, पीआर म्हणजे पेशीतले हार्मोनचे रिसेप्टर, आणि हर-टू म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन. हर-टूचं उत्तर ०, १+, २+ किंवा ३+ असं येतं. ३+ म्हणजे नक्की पॉझिटिव्ह. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे रंगावरून सांगता येत नाही. तेव्हा फिश करतात. त्यात पेशीच्या आतलं जनुक चमकणाऱ्या ठिपक्यांसारखं दिसतं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली निदान २० पेशींतले ठिपके एकेक करून मोजावे लागतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, ब्लॉक दुसरीकडे पाठवावा लागतो.

आता हे उत्तर का हवं? पॉझिटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध लागू पडतं, आणि गाठ मोठी असेल किंवा काखेत गेली असेल तर बहुतेक वेळा ते केमोबरोबर ऑपरेशनच्या *आधी* देतात. निगेटिव्ह आलं तर कदाचित आधी ऑपरेशन. म्हणजे सुरुवात कुठून करायची हेच त्या एका रिपोर्टवर अडलंय. तुमचे डॉक्टर खोटं बोलत नाहीयेत.

पण एक काम कराच. ब्लॉक खरंच गेलाय का, आणि कोणत्या तारखेला, हे फोन करून विचारा. "पाठवलंय" एवढ्यावर थांबू नका.

सांजवेळ
लॅबवाली, इतकं कोणीच समजावलं नव्हतं. उद्या फोन करते.

हिरवीगार
तोपर्यंत ताईंना आयुर्वेदिक काहीतरी सुरू करून बघा. निदान वेळ तरी वाया जाणार नाही. आमच्या ओळखीत गुण आलाय.

डॉ. उंबरठा
हिरवीगार, तुमची तळमळ कळते, पण हे करू नका. काही वनस्पतींनी यकृताचे आकडे बिघडतात, काहींनी रक्त पातळ होतं, आणि मग केमो किंवा ऑपरेशन त्याच कारणाने पुढे ढकलावं लागतं. काही घेत असाल तर आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. लपवलं तर आम्हाला अडचण कुठून आली ते कळत नाही. मूळ उपचार टाळून फक्त पर्यायी औषधं घेणाऱ्यांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यांच्यातला मृत्यूचा धोका अडीचपट होता.

मी किरणोपचार करते, त्यामुळे "किती दिवस" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. सगळ्या कॅन्सरना एकच आकडा लावता येत नाही. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, की नुसता संशय आला तरी जनुकांचा रिपोर्ट न येताच त्याच दिवशी गोळ्या सुरू करतात, कारण रक्तस्रावाने माणूस काही तासांत हातचा जाऊ शकतो. बर्किट लिम्फोमाची गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तिथे आठवडा म्हणजे फार. उलट, कमी धोक्याच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आम्ही कित्येकांना उपचारच देत नाही, फक्त नियमित तपासत राहतो. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत कोणाचं ऑपरेशन केलं, कोणाला किरण दिले, कोणावर नुसती नजर ठेवली. १५ वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते.

स्तनाची गाठ या दोहोंच्या मधली. बहुतेक गाठी दुप्पट व्हायला महिने घेतात. रोज रात्री हाताला जो फरक जाणवतो तो बऱ्याचदा बायोप्सीने आलेल्या सुजेचा किंवा साकळलेल्या रक्ताचा असतो. ताईंना हे सांगा.

आणि हे सगळ्यांसाठी: निदान झालेल्या माणसाच्या पायातली ताकद गेली, पाठ खूप दुखायला लागली, लघवीवरचा ताबा सुटला, श्वास लागला, चेहरा-मान सुजली, तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट इमर्जन्सीत जा. मणक्यातली दोरी दाबली गेली असेल तर पाय वाचवायला आमच्या हातात तासच असतात.

खडूफळा
डॉक्टर, एक शंका. चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं वाचलं होतं. मग दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही हे कसं?

डॉ. उंबरठा
तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला २०२०चा अभ्यास. ३४ अभ्यास, साधारण पावणेतेरा लाख रुग्ण. आकडा खरा आहे, ऑपरेशनच्या उशिराबद्दलचा. पण तो असलेल्या धोक्याच्या ६ ते ८ टक्के आहे. १०० जणींमध्ये मुळात १० जणी दगावणार असतील, तर चार आठवड्यांच्या उशिराने ते साधारण १०.६ ते १०.८ होतं. १० चे १८ होत नाहीत.

खडूफळा
कळलं. मी गणित शिकवतो आणि मीच चुकीचं वाचत होतो. तरीही, एका बाईसाठी हे थोडं असलं तरी हजारोंची रांग असेल तर हेच फार होतं ना? प्रत्येक हजारात सहा ते आठ जणी.

डॉ. उंबरठा
होतं. म्हणूनच रांगेवर बोलायला हवं. ताईंना घाबरवण्यासाठी तो आकडा वापरू नये, आणि व्यवस्थेने "काही बिघडत नाही" म्हणून त्याच्याआड लपूही नये. डेन्मार्कने २००७ साली ठरवलं की कॅन्सरचा संशय हा तातडीचा आजार मानायचा, आणि २००८ पासून प्रत्येक कॅन्सरचा मार्ग आखला. कोणती तपासणी, कितव्या दिवशी, कोण करणार. माणसाला पुढची तारीख हातात घेऊनच बाहेर पडता येतं. खर्चिक यंत्रांइतकाच या आखणीचा उपयोग झाला असं मला वाटतं.

मध्यरात्र
डॉक्टर, मी हेच म्हणत होतो. भावोजींना कोणी पुढची तारीख दिली असती तर ती हुकल्याचं तरी आम्हाला कळलं असतं.

डॉ. उंबरठा
खरं आहे. तुमच्या बाबतीत जे झालं त्याला वाट बघणं म्हणत नाहीत. त्यांना विसरलं गेलं. ते व्हायला नको होतं.

अर्धी ओळ
थोडी वेगळी बाजू. मी २९ वर्षांची होते, लिम्फोमा. केमो चार दिवसांनी सुरू होणार होती आणि मीच दोन आठवडे मागून घेतले. केमोने बीजकोशांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी बीजं गोठवून ठेवायची होती. रोज पोटात इंजेक्शन, एक दिवसाआड सोनोग्राफी, साधारण १२ दिवस. घरचे सगळे ओरडत होते की जीव महत्त्वाचा की हे? माझ्या डॉक्टरांनी मात्र फाइलवर तारीख बदलून लिहिली आणि म्हणाले, तुझ्या प्रकारात एवढं चालतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, नर्सने जाता जाता विचारलं म्हणून कळलं. तरुण पेशंट असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, नंतर वेळ उरत नाही.

टाचणी
अर्धी ओळ, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. वेगळा धागा काढशील का यावर?

मुखवास
आपण सगळे बायोप्सीनंतरचे दिवस मोजतोय. आधीचे? माझ्या आईने गाठ सात महिने कोणाला दाखवली नाही. दुखत नव्हती म्हणून. आणि माझ्या बहिणीच्या परीक्षा होत्या म्हणून. नंतर उपचार अकराव्या दिवशी सुरू झाले, सगळे किती धावले. पण ते सात महिने कोणाच्याच हिशेबात नाहीत.

लॅबवाली
मुखवास, रोज बघते हे. न दुखणारी गाठ म्हणून बायका उशिरा येतात. सुरुवातीच्या बहुतेक कॅन्सरच्या गाठी दुखतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी जे लक्ष्य ठेवलं त्यात म्हणूनच गाठ घेऊन पहिल्यांदा आल्यापासून ६० दिवसांत निदान असं धरलंय. पण दाराशी येईपर्यंतचा वेळ घरातच जातो.

सांजवेळ
सगळ्यांना सांगायला आलेय. हात अजून थरथरतोय.

सकाळी फोन केला. पहिल्यांदा "पाठवलंय, रिपोर्ट आला की कळवू" हेच. मी म्हटलं, कोणत्या तारखेला गेला आणि कोणाच्या सहीने? थांबा म्हणाले. वीस मिनिटांनी उलट फोन आला. ब्लॉक गेलेलाच नव्हता. फिशसाठी घरच्यांनी भरायचा एक फॉर्म होता, तो आम्हाला कोणी दिलाच नाही आणि त्यामुळे ब्लॉक तिथेच कपाटात, नंबर लावलेल्या खणात. ११ दिवस. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, ते रोज रिपोर्टची वाट बघत होते आणि आम्ही त्यांची.

मी ओरडले नाही. दाजी ऑफिसमधून तसेच निघाले, फॉर्म भरला, ब्लॉक स्वतःच्या हाताने घेतला. सांगत होते, काडेपेटीएवढाही नाही गं तो. शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडीत सारखा हात लावून बघत होते आहे का म्हणून. संध्याकाळी पाचला दुसऱ्या लॅबमध्ये दिला, पावती घेतली.

लॅबवाली, तुम्ही म्हणाला नसता तर आम्ही अजूनही शांतपणे वाट बघत बसलो असतो.

मध्यरात्र
बरं केलंत. खूप बरं केलंत.

लॅबवाली
माझ्याच क्षेत्राची लाज वाटतेय, पण कळलं हे फार चांगलं झालं. आता मधल्या दिवसांत इको करून घ्या. हर-टूचं औषध आणि काही केमोची औषधं हृदयावर येऊ शकतात, त्यामुळे आधी इको लागतोच. रिपोर्ट आल्यावर परत त्यासाठी तारीख मागत बसू नका.

डॉ. उंबरठा
आणि पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवायची छोटी डबी) बसवायचा की हाताच्या शिरेतून द्यायचं हेही आत्ताच विचारून ठेवा. दातांचा डॉक्टर राहिला असेल तर तोही.

काठावरचा
दातांचं मी सांगणारच होतो :)

सांजवेळ
नऊ दिवसांनी लिहितेय. फिश पॉझिटिव्ह आलं. इको झाला होता, पोर्ट परवा बसला. आज पहिलं सायकल. रिपोर्ट आल्यापासून ३१वा दिवस.

ताई सकाळी सहालाच तयार होऊन बसली होती. सलाइन लावल्यावर बाटलीकडे बघत होती बराच वेळ. मग म्हणाली, "चला, आता तरी कोणीतरी तिच्याशी बोलतंय." तिच्याशी म्हणजे गाठीशी. काल रात्री पहिल्यांदा तिने मला हात लावून बघायला सांगितलं नाही.

अर्धी ओळ
ताईंना खूप शुभेच्छा. पहिले तीन दिवस मळमळीच्या गोळ्या सांगितल्या वेळेला द्याच, मळमळ सुरू व्हायची वाट बघू नका. आणि ताप १००.४च्या वर गेला तर रात्री दोन वाजले असले तरी फोन करा.

पाणवठा
नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. सासऱ्यांची बायोप्सी होऊन १६ दिवस झाले. रिपोर्टवर "पुढील तपासणीनंतर अंतिम मत" असं लिहिलंय आणि आम्ही वाट बघतोय. त्यांचा ब्लॉक कुठे आहे हे नेमकं कोणाला विचारायचं?

लॅबवाली
रिपोर्टच्या वरच्या बाजूला नमुन्याचा क्रमांक असतो. तो कागदावर लिहून घ्या आणि ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे जाऊन हिस्टोपॅथॉलॉजी विभागात विचारा. बिलाच्या खिडकीवर नको, तिथे कळणार नाही. कोणती पुढील तपासणी, कधी लावली, कधी मिळेल, हे तीन प्रश्न. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. संध्याकाळी इथे कळवा, मी असेन.